झाकणाखालची फट

कृतिकाचा पंप मुठीएवढाच होता, पण त्याने अख्ख्या कारखान्याच्या नाकी नऊ आणले होते.

मानेसरच्या त्या कारखान्यात मशिनच्या सांध्यांना तेल पोचवणारे पंप बनत, तेही दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवरून. कृतिकाने आखलेला हा पहिला स्वतःचा पंप. आत दोन लहान गिअर एकमेकांत दात अडकवून फिरणार आणि तेल पुढे ढकलणार, इतकं साधं काम. पण तेल जरा गरम झालं की दाबाचा काटा मान टाकायचा. तिने दातांचा आकार बदलून पाहिला, गिअर नव्याने कापून घेतले. अकाउंट्सवाल्यांनीसुद्धा घट्ट तेल वापरायचा सल्ला देऊन पाहिला. फुकटच्या सल्ल्यांना कुठेच तोटा नसतो.

मालक भालचंद्र दातार तिच्या बाबांचे मित्र. करोल बागेतल्या घरी ती त्यांना काका म्हणे, इथे सर.

"शुक्रवारी तयार पंप विकणारा येतोय," सर म्हणाले. "तोवर जमलं तर अच्छा, नाहीतर त्याचाच घेऊ. मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला लावून न घेणं कृतिकाच्या पत्रिकेतच नव्हतं. शुक्रवारी आपला पंप कायमचा फडताळात जाणार, या विचाराने तिला जेवण जाईना.

मंगळवारी पंप जोडणारे तात्याराव रजेवर होते. साताऱ्याहून तरुणपणी आलेला हा माणूस, त्यांच्या हातचा पंप गळला असं कोणी म्हणून दाखवावं. ते नव्हते, म्हणून कृतिकाने पंप स्वतःच जोडला. तेल तापलं तरी काटा जागचा हलला नाही. बुधवारी तेच गिअर, तेच झाकण तात्यांनी जोडलं आणि काटा खाली आला.

तिने झाकण उघडलं. झाकण आणि पंप यांच्यामध्ये कागदी पॅकिंग असतं. ते जितकं जाड, तितकीच गिअर आणि झाकण यांच्यात फट, केसाहूनही बारीक. त्या पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना तात्यांनी गळती रोखणाऱ्या लाल पेस्टचा लेप दिला होता; मंगळवारी तिने तो दिला नव्हता. लेपाने झाकण उचललं गेलं, फट वाढली, आणि पातळ झालेलं तेल त्या फटीतून गुपचूप मागे पळत होतं.

"तात्या, ही पेस्ट कोणी लावायला सांगितली?"

"तुम्हीच की, ताई. हिवाळ्यात दुसऱ्या एका पंपाच्या तेलाचा गिऱ्हाइकाच्या फरशीवर डाग पडला, तेव्हा म्हणालात, एक थेंब बाहेर दिसता कामा नये. तेव्हापासून लावतोय."

कृतिकाला आठवलं. म्हणाली होती खरी, आणि चांगली आवाज चढवून म्हणाली होती. करायला गेली गणपती आणि झाला मारुती. बाहेरचा थेंब थांबवायला तिनेच आतला दाब घालवला होता.

तिने सगळं सरांना सांगितलं. ते खूश झाले.

"म्हणजे डिझाइन बिल्कुल ठीक आहे. तात्यांची पेस्ट बंद करा, किस्सा खतम."

तात्या शेजारीच उभे होते. त्यांनी मान खाली घातली. कृतिकाला हो म्हणणं सोपं होतं. पंप वाचत होता आणि खापर फोडायला डोकंही समोर होतं. तिला स्वतःचाच राग आला.

"नाही सर. पेस्ट मी लावायला लावली. आणि चूक ड्रॉइंगमध्ये आहे. हा पंप बाहेर गेला की कुठलाही मिस्त्री तो उघडणार आणि बंद करताना पेस्ट फासणारच. आपल्याकडे पेस्टशिवाय कोण झाकण लावतं? जो पंप पेस्टने मरतो, तो माझा पंप चुकलाय."

"मग शुक्रवारी मी काय करू?"

"त्याला येऊ द्या. तोवर मी झाकण बदलते."

कागदी पॅकिंग तिने काढूनच टाकलं. झाकणात गोल खोबण कापून घेतली, तिच्यात रबरी रिंग बसवली. आता लोखंडावर लोखंड टेकून फट कायम तेवढीच राहणार होती, आणि जास्तीची पेस्ट दाबून बाहेर निघायला कडेने एक चर होता. लेथवरच्या माणसाने खोबण पहिल्यांदा तिरकी कापली, तेव्हा ती न चिडता पुन्हा कापून होईपर्यंत उभी राहिली. तोवर शेअर ऑटो निघून गेली, मेट्रो स्टेशनपर्यंत ती पुढच्या ऑटोने गेली.

शुक्रवारी विक्रेता चकचकीत पंप घेऊन हजर होता. कृतिकाने आपले सुटे भाग आणि पेस्टची ट्यूब तात्यांसमोर ठेवली.

"लावा."

"ताई, थट्टा करताय का?"

"नाही. हवी तेवढी लावा. नेहमीपेक्षा जास्त."

तात्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मग हात राखला नाही. बोल्ट आवळताना पेस्ट चरातून लाल सुतासारखी बाहेर आली. पंप सुरू झाला. तेल तापू लागलं. विक्रेताही आपला पंप विसरून काट्याकडे बघत बसला. काटा चढला, थांबला, तिथेच राहिला. सरांनी आणखी थोडं तापवायला सांगितलं. काटा हलला नाही.

"भाईसाहब, माफ करना," सर विक्रेत्याला म्हणाले, "आपको चाय पिलाकर ही भेजेंगे।"

काट्याकडे न बघणारे एकटे तात्याच होते. ते वाकले, झाकणाखालून बोट फिरवलं आणि तिच्यासमोर धरलं. बोट कोरडं होतं.