पायलीतले सदतीस हिरडे

अकरा खिळे, काठाला एक जाड पट्टी, दोन कड्या, एक पोचा आणि बाहेरून चार शेरांची खूण. मित्रांनो, माझ्या अंगावर एवढंच आहे. पुन्हा मोजलंत तरी एवढंच भरेल. मी टाकवे बुद्रुक गावातली, धान्य मोजायची एक जुनी लोखंडी पायली आहे, आणि न मोजता बोलायची मला सवय नाही.

माझा जन्म १९१४ सालचा. लोणावळ्याला रेल्वेच्या मोडीत निघालेला पत्रा एका लोहाराने आणला, तापवला, वाकवला. मग एकेक शेर करून चार शेर तांदूळ माझ्यात ओतले. काठ नखभर वर राहिला. तेवढा त्याने कानशीने उतरवला.

मला घेतलं हौशीरामने. तो गावचा मापारी. सुगीत खळ्यावर भात मोजून द्यायचं हे त्याचं काम. माणूस प्रामाणिक, पण बोलका. "अकरा" म्हणायचा आणि मध्येच कुणाच्या बैलाची चौकशी करायचा. बैलाचं संपलं की "सोळा" म्हणून पुढे निघायचा. पाच वर्षांत खळ्यावर नऊ भांडणं झाली. आठ मापावरून, एक बैलावरून.

सहाव्या सुगीत त्याची बायको झुंबरबाई भाकरी घेऊन खळ्यावर आली. थोडा वेळ तिने त्याचं मोजणं ऐकलं आणि मला त्याच्या हातातून काढून घेतलं.

"तुमी बोला," ती म्हणाली. "म्या मोजते."

बाईच्या हाती माप गेलं म्हणून गावाने चार दिवस तोंड वाकडं केलं. पण झुंबरबाई मला हलवायची नाही, दाबायची नाही. माझ्या काठावर धान्याची शीग चढवायची ती पाटलाला जेवढी, तेवढीच ठाकरवाडीच्या येसूला. आणि मोजायची ती आमच्या मावळच्या रीतीने. पहिल्या मापाला आमच्याकडे एक म्हणत नाहीत. पहिलं माप ‘लाभ’, मग दोन, मग तीन. ही रीत इतकी जुनी की ती रीत आहे हेसुद्धा कुणाच्या ध्यानात राहत नाही.

राजकारणात आम्ही दोघी शिरलो त्या कामशेतच्या बाजारात. तिथे एक व्यापारी शेतकऱ्यांचा तांदूळ स्वतःच्या पायलीने मोजून घेत असे. झुंबरबाईने मला काठोकाठ भरलं आणि त्याच्या पायलीत ओतलं. ती भरली नाही. आणखी तीन मुठी टाकाव्या लागल्या.

"शेट, तुमची पायली गरवार हाय का? प्वाट लई मोटं दिसतंया." तिने विचारलं.

बाजार हसला. आठवड्याच्या आत ‘मावळ शेतकरी मंडळ’ या तालुक्यातल्या नव्या पक्षाने तिला सभासद करून घेतलं. पुढे गावोगावच्या सभांना ती मला डोक्यावर घेऊन जाई. गडबड झाली की मला पालथी घालून माझ्यावर दांडकं हाणी. माझा एकुलता एक पोचा वराळ्याच्या सभेतला आहे. त्या दिवशी विषय शेतसाऱ्याचा होता.

मग १९३८ साल आलं. लोकलबोर्डाच्या निवडणुकीला मंडळातर्फे कुणी उभं राहायचं, हे ठरवायला मळवलीला भाताच्या गिरणीच्या आवारात सभा भरली. नावं दोन. एक झुंबरबाईचं, दुसरं दत्तोबा पाटलाचं. सभासद त्र्याहत्तर. बरोबरी झाली तर निर्णय अध्यक्षांचा, आणि अध्यक्ष अंबाजीराव हे दत्तोबाचे सख्खे मेहुणे. म्हणजे झुंबरबाईला बरोबरी परवडणारी नव्हती.

लिहिता न येणारे बरेच, म्हणून प्रत्येकाला एक हिरडा दिला. घोंगडीचा आडोसा केला. आत झुंबरबाईची म्हणून मी, आणि दत्तोबाची म्हणून त्याची तांब्याची घागर. पण पहिला हिरडा घागरीत पडला तो असा खणखणला की बाहेर दत्तोबाने हात जोडले. मत गुप्त राहीना. मग दोघींच्या तळाला फडकी घातली.

मोजणी सुरू झाली. घागरीतले हिरडे चिटणीस सोपानरावांनी स्वतः मोजले. छत्तीस. सोपानराव लोणावळ्याच्या पार्सल कचेरीतले कारकून. तांदूळ आयुष्यभर दुकानातून पुडीने आणलेला. माझ्यातले हिरडे मोजायला वराळ्याचे म्हातारे मापारी रखमाजी बसले. सोपानराव खाली मान घालून, आकडा ऐकला की एक रेघ ओढत होते.

"सदतीस," रखमाजींनी शेवट केला.

"छत्तीस रेघा आहेत," सोपानराव म्हणाले.

पुन्हा मोजलं. पुन्हा तोंडात सदतीस, कागदावर छत्तीस.

"रखमाजीआबा, तुमचं वय काय?" अंबाजीरावांनी विचारलं.

"साठ. न्हाईतर सत्तर."

"बघा," अंबाजीराव सभेला म्हणाले. "कागद खरा धरायचा. छत्तीस-छत्तीस. दोनदा मोजलं, आता देव आला तरी तिसऱ्यांदा न्हाई."

"मग एक हिरडा गेला कुटं?" मागून कुणीतरी विचारलं.

माझं फडकं काढून झटकलं. मला उलटी केली, बुडावर थापट्या मारल्या. चोवीस वर्षांच्या नोकरीत माझी झडती पहिल्यांदाच झाली. तेवढ्यात हौशीराम खोकला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. खोकल्यावर हिरडा चघळतात हे मावळात पोरालाही ठाऊक असतं.

"भाऊ, तोंड उघडा," दत्तोबा म्हणाला.

"आवं, बायकोचं मत चघळीन व्हय मी?"

"उघडा."

त्याने उघडलं. आत तंबाखू होती आणि सात दात. हिरडा नव्हता.

झुंबरबाई उठली. तिने मला उचललं आणि ती चुलवणाजवळ गेली. सभेच्या जेवणाचा तांदूळ तिथे पोत्यात होता. तो तिनेच सकाळी घरून मोजून आणला होता, आठ पायल्या.

"चिटणीससाहेब, स्वयंपाक खोळंबलाय," ती म्हणाली. "म्या मापते, तुमी मघासारक्या रेघा वडा."

तिने मला भरलं, परातीत ओतलं. "लाभ." पुन्हा भरलं. "दोन." मग तीन, चार. पोतं रिकामं झालं तेव्हा ती म्हणाली, "आठ. तुमचं किती?"

"सात," सोपानराव म्हणाले.

"मग कागदापरमानं सात पायल्याच शिजू दे. आठवी न्हाईच, ती म्या घरी नेते. पायलीमागं नऊ मान्सं धरा. अंबाजीराव, उपाशी कोन नऊ बसनार, त्येवढं सांगा."

अंबाजीरावांनी परातीकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग पुन्हा परातीकडे, जरा जास्त वेळ.

"सोपानराव, लाभाची रेघ कुठाय?" त्यांनी विचारलं.

"ती कशाला?" सोपानराव म्हणाले. "तो देवाचं नाव घेतल्यासारखा शब्द ना?"

रखमाजींनी कपाळाला हात लावला. "देवाचं न्हाई, बाबा. मापाचं."

त्या दिवशी आठही पायल्या शिजल्या. दत्तोबाने दोनदा भात मागून घेतला.

पुढे लढाईच्या दिवसांत रेशन आलं, तराजू आले. खळ्यावर मला कुणी बोलवेना. दोन वर्षं माझ्यात एक कोंबडी बसत होती. तिला मोजण्याशी कर्तव्य नव्हतं. एके दिवशी झुंबरबाईने तिला हाकललं, मला राखेने घासलं आणि लोकलबोर्डाचे कागद ठेवायला माजघरात घेतलं. मित्रांनो, घरातलं जुनं माप मोडीत घालू नका. निदान घालण्याआधी एकदा भरून पाहा. आणि त्याच्यावर ठपका ठेवण्याआधी मोजणाऱ्याने पहिला आकडा कोणता घेतला, ते विचारा.

माझ्यातल्या कागदांच्या तळाशी मळवलीचा तो कागद आहे. त्यावर काळ्या शाईच्या छत्तीस रेघा आहेत. पहिल्या रेघेच्या डावीकडे निळ्या पेन्सिलीची एक आहे, आणि तिच्याखाली सोपानरावांची सही. एकूण सदतीस.