डायनासोरचं गुलाबी नख

माझा आवाज मोठा आहे. पेणच्या आमच्या शाळेत मी वर्गात बोलायला लागले की बाहेर नळावर भांडणाऱ्या बायका गप्प होतात, असं आमचे मुख्याध्यापक सगळ्यांना सांगत असतात. त्यामुळे चौथीची सव्वीस मुलं मुंबईच्या मोठ्या म्युझियमला न्यायची ठरली, तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने माझं नाव पुढे केलं. दीनाबाई असल्या की पोरं हूं की चूं करत नाहीत, म्हणे.

म्युझियमच्या फाटकाशी मी मुलांना दोन रांगांत उभं केलं आणि दम भरला.

"आत कश्शालाही हात लावायचा नाही. जो हात लावेल त्याला मी इथेच ठेवून जाईन. त्या वाघाच्या शेजारी उभं करतील, पेंढा भरून!"

मुलं हसली. निदान मला तरी तेव्हा वाटलं, की सगळी हसली.

आत गेल्यावर मुलं खरंच शहाण्यासारखी वागली. हात मागे बांधून त्यांनी पेंढा भरलेला वाघ पाहिला, काचेमागचे पक्षी पाहिले. देवमाशाचा जबडा पाहून साहिल म्हणाला, "बाई, हा आमच्या खाडीत मावाचा नाय." मग आम्ही डायनासोरच्या दालनात आलो. आढ्यापर्यंत पोचलेला तो सांगाडा पाहून मीसुद्धा मान वर करून पाहत राहिले. पण माझ्या वर्गातली निम्मी पोरं गणपतीच्या कारखान्यांत वाढलेली. त्यांनी नुसतं पाहिलं आणि ओळखलं.

"बाई, प्लास्टर हाय ह्यो!"

"हो," मी म्हटलं. "खरी हाडं दुसरीकडे जपून ठेवलीत. त्यांचा साचा घेतला आणि त्यातून हा काढला. तुमच्याकडे साच्यातून गणपती काढतात ना, अगदी तस्संच."

फार सोपं करून सांगितलं म्हणून मी स्वतःवरच खूश झाले. तेवढ्यात मागे दोघांची पाण्याच्या बाटलीवरून जुंपली, ती सोडवायला मी गेले. दोन मिनिटं, फार तर तीन. ही गुरुवारची गोष्ट.

शुक्रवारी दुपारी शाळेत फोन आला. म्युझियममधल्या प्रतिक्षा मॅडम बोलत होत्या. सहलीच्या परवानगीसाठी मी त्यांच्याशी चार वेळा बोलले होते, त्यामुळे आवाज ओळखीचा होता.

"दीनाबाई, काल संध्याकाळच्या फेरीत लक्षात आलं. डायनासोरच्या डाव्या पायाचं एक नख नाहीये. शेवटची शाळा तुमचीच होती."

"आमच्या मुलांनी हातसुद्धा लावला नाही," मी कडाडले. "मी स्वतः तिथे उभी होते. लावला असला तर नाव बदलीन!"

"मी आरोप करत नाही हो. पण नख मिळालं नाही, तर काचेचं कुंपण होईपर्यंत शाळांसाठी ते दालन बंद करावं लागेल."

पुढच्या बुधवारी रोह्याजवळच्या वरसे गावची शाळा तिथे जाणार होती. तिथली शिक्षिका नूतन माझी मैत्रीण. माझ्याच सांगण्यावरून तिने सहल ठरवली होती, आणि तिच्या मुलांनी आठवडाभर चित्रांत डायनासोरशिवाय दुसरं काही काढलेलं नव्हतं.

मी वर्गात गेले, दार लावलं आणि सगळ्यांची दप्तरं उघडायला लावली. मुलांवर पूर्ण विश्वास आहे असं फोनवर ठणकावून सांगितल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती. तिसऱ्या बाकावर ऋतुजाच्या कंपासपेटीत ते सापडलं. बोटभर लांबीचं, वाकडं, कापसात गुंडाळलेलं. आणि छान गुलाबी रंगवलेलं.

"चोरी करतेस?" मी ओरडले. "सव्वीस जणांत तूच निघालीस? ज्या मुलीच्या वहीला मी दर आठवड्याला शाबासकी लिहिते, ती ही?"

ऋतुजा चपलेकडे पाहत उभी राहिली. रडली नाही, बोलली नाही. मी विचारत राहिले, ती गप्पच. शेवटी तिच्यापेक्षा माझाच घसा कोरडा पडला.

शाळा सुटल्यावर मी तिला घेऊन तिच्या आजोबांच्या कारखान्यात गेले. तिचे वडील नागोठण्याला कंपनीत, सेकंड शिफ्टला. घरी आजोबाच, गुणाजीभाऊ. चाळीस वर्षं मूर्तिकाम केलेला माणूस. कारखान्यात पांढऱ्या मूर्ती ओळीने सुकत होत्या आणि ते त्यांच्यामधून फिरत प्रत्येकीला टिचकी मारून कान लावत होते. मूर्ती ओली असली की बद्द आवाज येतो, सुकली की खणखणीत. हे पेणमध्ये शेंबडं पोरसुद्धा जाणतं.

मी सगळं सांगितलं आणि नख त्यांच्या हातावर ठेवलं. ते त्यांनी चष्मा लावून उजेडात फिरवून पाहिलं.

"रंग कोनी दिला गो?"

"मी," ऋतुजा पुटपुटली. दुपारपासूनचा तिचा पहिला शब्द.

"बरा दिलायस. कडेला वघळ नाय."

"गुणाजीभाऊ!" माझा पारा चढला. "म्युझियममधून आणलंय तिनं हे. न विचारता!"

"व्हय, ती चुकलीच. पन बाई, ती चोर नाय." ते शांतपणे म्हणाले. "माझ्या कारखान्यात कायदा हाय. हातून बोट तुटलं, सोंड तुटली, तर बोंबलायचं नाय. तुकडा जमिनीवर सोडला की झाडूत जातो. म्हनून पयला तो उचलून खिशात घालायचा, घासून रंगवून जाग्यावर लावायचा. तुटका देव आमी कोनाला देत नाय. पोरगी लहानपनापासून तेच बघत आलीय. काय गो, टिचकी मारलीस ना?"

ऋतुजाने मान हलवली. "सुकलाय का बघत व्हते. नख खाली पडला."

"आणि लावणार कधी होतीस?" मी विचारलं.

"पाचवीच्या सहलीला."

हसावं की रडावं, कळेना. गुणाजीभाऊ मात्र नखाच्या तुटलेल्या टोकाकडे पाहत होते. ते टोक तिने रंगवलेलं नव्हतं. जोडाला रंग लावायचा नसतो, हेही तिला पाठ. "पाय बघितल्याबिगर काय बोलत नाय," ते म्हणाले. "पन बाई, मी येतो तुमच्या संगती. उद्याच जाऊ."

"उद्या शनिवार."

"आं, खरंच. मग रविवारी."

मी ज्यू, शनिवारी गाडीत बसत नाही, हे साऱ्या पेणला ठाऊक आहे. शुक्रवारी तिन्हीसांजेला मी दिवे लावले, पण प्रार्थनेत लक्ष लागेना. शब्बाथचा, म्हणजे आमच्या विसाव्याचा, तो अख्खा दिवस मी बसून काढला. आधी काळजी म्युझियमची होती, मग वरशाच्या मुलांची, आणि संध्याकाळपर्यंत एकच उरली. सव्वीस मुलांसमोर मी एका नऊ वर्षांच्या मुलीला चोर म्हटलं होतं. प्रतिक्षा मॅडमनीही तेच म्हटलं, तर तो शिक्का मला कधी पुसता येणार नव्हता. सुरुवात मीच केली होती ना.

रविवारी सकाळी एसटी स्टँडवर दोघं आधीच उभे होते. ऋतुजाच्या हातात तिच्याएवढीच एक लाल पिशवी होती, गच्च भरलेली. कारखान्याचं सामान असेल, प्लास्टर, काथ्या, ब्रश, असं मी धरून चालले. गाडीत मी म्हटलं, "दे, वर ठेवते." तिने पिशवी मांडीवर घट्ट धरली. खारपाडा पुलावरून गाडी गेली तेव्हा तिने खिडकीला नाक लावलं आणि खाडी दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून मागे पाहत राहिली. रुसली असेल, मला वाटलं. मी दिलेला बिस्किटाचा पुडाही तिने न उघडता पिशवीत ठेवून दिला.

प्रतिक्षा मॅडम तिशीच्या आतबाहेरच्या, बारीक चणीच्या. त्यांनी नख हातात घेतलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या.

"हे... गुलाबी?"

"आमच्याकडं नखं गुलाबीच आसतात," गुणाजीभाऊ म्हणाले.

"गणपतीची," ऋतुजाने खालच्या आवाजात खुलासा केला.

मी माझं भाषण एसटीतच तयार केलं होतं. मी खोटं ठासून बोलले, चूक माझी, साचा आणि गणपती हे मीच त्यांच्या डोक्यात घातलं, मुलीला काही बोलू नका, दंड असेल तो मी भरीन. पण त्यातलं अर्धंही झालं नव्हतं, तोवर गुणाजीभाऊ परवानगी घेऊन डायनासोरच्या पायाशी उकिडवे बसले. त्यांनी जोड निरखला, त्यावरून बोट फिरवलं.

"मॅडम, ह्यो काय आताचा तुटलेला नाय. हितं गोंदाचे थर हायेत. एक, दोन... तीन. खालचा पार पिवळा पडलाय. टिचकी कशाला, कोन जोरात शिंकला आसता तरी पडला आसता."

प्रतिक्षा मॅडम खाली वाकल्या. बराच वेळ पाहिलं. मग आत जाऊन कोणाला तरी फोन करून आल्या, तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते.

"बरोबर आहे. आमच्याच माणसांनी चिकटवलं होतं. मी इथे रुजू होण्याआधी तीनदा पडलंय. एकदा तर कचऱ्यात गेलं, नवीन करावं लागलं." त्या ऋतुजाकडे वळल्या. "पडलेलं नख परत आणून देणारी तूच पहिली गं. आणि तेही रंगवून."

तिथल्या बाकावर मी बसले आणि चारचौघांत, डायनासोरच्या सांगाड्यासमोर, पदराने डोळे पुसले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. वरशाची मुलं खुशाल येऊ देत, असंही मॅडम म्हणाल्या.

पुढचं काम गुणाजीभाऊंचं. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरच्या झोळीतून पुडी काढली, वाटीत चिमूटभर प्लास्टर कालवलं, दोन धागे काथ्या घातला आणि जुना गोंद खरवडून नख बसवलं. पंधरा मिनिटं ते ऋतुजाने दोन बोटांनी दाबून धरलं. वरून हाडाचा रंग द्यावा लागेल, असं मॅडमनी तिला समजावलं. "पण आत गुलाबी आहे, हे आपल्याला माहीत असेल." ऋतुजाने यावर थोडा विचार करून होकार दिला. निघण्यापूर्वी मॅडमनीच तिला टिचकी मारून बघायला लावलं. अजून बद्दच आवाज आला. "उद्या बोलंल," गुणाजीभाऊ म्हणाले.

निरोप घेऊन आम्ही दाराशी आलो. मी मागे वळून पाहिलं तर ऋतुजा नव्हती.

ती पेंढा भरलेल्या वाघाशेजारी उभी होती, भिंतीला पाठ लावून. लाल पिशवी पायाशी ठेवलेली.

"ऋतुजा, चल! एसटी चुकेल."

"मी पन यायचं?"

"मग? इथे काय करणार तू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी बोलल्याव ना बाई. हात लावंल त्याला हितंच ठेवनार. वाघाच्या बाजूला."

मी पिशवी उघडली. दोन फ्रॉक, शाळेचा गणवेश, टॉवेल, दात घासायचा ब्रश, चौथीचं मराठीचं पुस्तक आणि माझा न फोडलेला बिस्किटाचा पुडा. गुणाजीभाऊ माझ्या खांद्यावरून पाहत होते. "मला वाटला, तुमीच काय आनायला सांगितलाव," ते म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

म्हणजे गुरुवारी सगळी मुलं हसली नव्हती. चार दिवस ही पोर इथे राहायला जायचं म्हणून तयारी करत होती. पिशवी भरून, खाडीला शेवटचं पाहून, कोणाजवळ अक्षर न बोलता ती माझ्याबरोबर निघाली होती. बाईंनी सांगितलंय म्हणून.

मी तिच्यासमोर खाली बसले. मला शरम वाटली, आणि ते मी तिला सांगितलं. "चुकलं माझं, ऋतुजा. तू चोर नाहीस. उद्या वर्गात सगळ्यांसमोर हेच बोलणार आहे मी. आणि मी कुण्णाला कुठे ठेवून जात नाही. कधीच नाही."

"पेंढा नाय भरनार?"

"नाही गं बाई."

तेव्हा कुठे ती रडली. चार दिवसांचं सगळं एकदम. मग नाक पुसून तिने पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि फोडला.

परतीच्या एसटीत ती माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपली. खारपाड्याच्या अलीकडे नूतनचा फोन आला. तिला मॅडमचा निरोप पोचला होता, आनंदाने ती नुसती ओरडत होती. मग म्हणाली, "आता फाटकाशी मुलांना कसा दम भरायचा, ते शिकव मला. तुझ्यासारखा कोणाला जमत नाही."

"दम भरू नकोस. हात लावू नका, एवढं सांग. आणि त्याच्याही आधी सांग, की काहीही झालं तरी तुम्हा सगळ्यांना मी परत घरी नेणार आहे."

"दीना, आवाज बसलाय का गं तुझा? काही ऐकूच येत नाही."

"बसला नाही," मी म्हटलं. "पोर झोपलीय."