वरच्या वाडीला न गेलेली बस

या, असे पुढे सरकून बसा. मागच्यांनीही यावं, शेगडीपाशी अजून जागा आहे. आज एक गोष्ट सांगायची आहे. ती राजाची नाही की पराक्रमाची नाही. आमच्या हामानोसावा गावच्या एका कारकुनाची आणि एका म्हातारीची आहे. ऐकताना मान खाली जाईल. पण देवळातला प्रवचनकार गाऊ लागला की आधी मानच खाली जाते, डोळे त्यानंतर भरतात. तेव्हा तेवढं सोसून घ्या.

गावाच्या डोक्यावर, टेकडीवर, ती साठवण आहे. वीज करून झालेलं अणुइंधन तिथे जाड लोखंडी पिंपांत ठेवतात आणि वर्षानुवर्षं निवू देतात. आवाज नाही, धूर नाही. कोळणी तिच्या सावलीत स्क्विड वाळत घालतात आणि विसरून जातात. फक्त वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, सगळ्या गावाला तिची आठवण करून दिली जाते. त्या दिवशी गाव पळून जायचा सराव करतं.

हा सराव बसवायचं काम तोगावा शिगेओचं. वय छप्पन्न. गावकचेरीतला आपत्ती विभाग म्हणजे तोगावा, एक कपाट आणि एक कर्णा. संकट तोच लिहायचा. नऊला भूकंप, नऊ सातला पिंपाच्या इमारतीचं छप्पर खचलं, नऊ वीसला घराघरातल्या रेडिओवरून सूचना, नऊ चाळीसला बस. त्याच्या कागदावर संकट कधी उशिरा यायचं नाही.

माणूस वाईट होता का? छे. भाविक होता. थंडीत सुखावती पंथाच्या देवळात तीन दिवस गाऊन प्रवचन चालायचं, तेव्हा तोगावा पहिल्या रांगेत गुडघे मुडपून बसायचा. म्हातारे गुरुजी तालावर गात सांगायचे, की अमिदा बुद्ध दारात उभा राहून वाट बघत नाही. जो पाठ फिरवून पळतो, त्याच्याही मागे तो धावतो आणि मागून धरतो; एकालाही सोडून जात नाही. इथे आवाज चढायचा आणि तोगावाचा रुमाल ओला व्हायचा. बायका म्हणायच्या, "शिगेओसानला बघून आम्हाला रडू येतं, गुरुजींचं जाऊ दे."

तर, वरच्या वाडीत इसो आजी राहायची. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, एकटी, कमरेत वाकलेली, हातगाडी ढकलत चालणारी. आदल्या वर्षीच्या सरावात तिला बसमध्ये चढायला अकरा मिनिटं लागली होती. पायरीवर थांबून ती चालकाची माफी मागायची, मग मागच्या लोकांची, मग पुन्हा चालकाची. बस उशिरा पोचली. प्रांताच्या निरीक्षकाने अहवालात लाल रेघ मारली. गावप्रमुख तोगावाला म्हणाले, "पुढच्या वर्षी हे असं दिसता कामा नये हं."

म्हणून या वर्षी तोगावाने इसो आजीला 'मानीव' यादीत घातलं. मानीव म्हणजे कागदावर हलवलेली. ज्याला हलवणं अवघड, त्याच्या नावाचं फडकं कचेरीतला कुणीतरी गळ्यात बांधतो आणि त्याच्या जागी बसमध्ये बसतो. खाटेला खिळलेल्यांसाठी ही सोय पूर्वीपासून होती. आजी खाटेला खिळलेली नव्हती, उशीर करणारी होती. पण तोगावाने स्वतःला समजावलं, की थंडीत कशाला म्हातारीला त्रास? ते त्याला पटलंही. तिला सांगायचं मात्र राहिलं. सूचनेचं पत्रक नेहमीसारखंच घरोघर गेलं, तिच्याही घरी गेलं.

आजीच्या जागी बसला करविभागातला नुमाता, पंचेचाळिशीचा, अंगाने भरदार. खालच्या थांब्यावरच तो टुणकन बसमध्ये चढला.

"आजी, गुडघे कसे आहेत?" कुणीतरी हाक मारली.

"काय सांगू बाळा," नुमाता कण्हला, "तरुण पोरं जागाच देत नाहीत."

बसभर हशा झाला. तोगावाही हसला. वरच्या वाडीत प्रत्यक्ष न्यायचं असं आता कुणीच उरलं नव्हतं, म्हणून बस वर गेलीच नाही. सहा मिनिटं वाचली.

शेजारच्या शहरातल्या शाळेच्या व्यायामशाळेत मोजणी झाली. दोनशे बारापैकी दोनशे बारा. निरीक्षकाने चक्क टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना आपत्तीच्या पाकिटातला, गरम पाणी घालून फुलवलेला भात मिळाला. तोगावाने दोन पाकिटं खाल्ली.

एक वाजून गेल्यावर तो कचेरीच्या गाडीतून रस्त्यावरचे फलक गोळा करत परत निघाला. वरच्या वाडीच्या फाट्यावरही एक फलक होता. तो काढायला तो वळला, आणि थांब्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याला हातगाडी दिसली.

इसो आजी बाकावर बसली होती. पत्रकात सांगितल्याप्रमाणे अंगात पावसाळी कोट, तोंडाला मुखपट्टी, डोक्यावर टोपी, मांडीवर गाठोडं. समुद्रावरून गार पावसाची भुरभुर येत होती आणि शेडला एक बाजू नव्हतीच. ओठ निळसर पडले होते. त्याला बघताच ती उठायला गेली, जमलं नाही, म्हणून बसल्या बसल्याच वाकली.

"शिगेओ, माफ कर रे. माझ्यामुळे तुला परत यावं लागलं."

तोगावा शेडमध्ये शिरला. "आजी... तुम्ही कधीपासून?"

"पावणेदहापासून. मी वेळेत निघाले होते, खरंच. पण अर्ध्या वाटेत वाटलं, सिलिंडरची चावी बंद केली की नाही? म्हणून परत गेले. तेवढ्यात गेली असणार बस. चूक माझीच." मग हळूच, "बाकीचे पोचले ना सगळे?"

"पोचले."

"बरं झालं बाई."

"पण अग्निदलाची गाडी इथून गेली असेल ना? घराघराकडे बघत? तिला हात का नाही केलात?"

"गेली की. माझ्या दाराला पांढरा टॉवेल बांधलाय ना. पत्रकात लिहिलंय तसा, दोन गाठी मारून. पोरांनी तो बघितला, घर रिकामं म्हटलं आणि गेली पुढे. कामात असलेल्या माणसांना मध्येच काय हाका मारायच्या?"

आमच्याकडे हे असं असतं. दारावर टॉवेल म्हणजे घरचं माणूस सुटलं. तिने सगळे नियम पाळले आणि त्या नियमांनीच तिला झाकून टाकलं. यादीत तिचं नाव खरं असतं तर थांब्यावर कुणीतरी तिला शोधलं असतं. तोगावाला हे तिथेच, त्या शेडमध्ये उभ्या उभ्या कळलं. कानाच्या पाळ्या तापल्या. गुरुजींचा चढलेला आवाज आठवला, आणि त्या आवाजावर ओला होणारा स्वतःचा रुमाल आठवला. त्याला त्या रुमालाची किळस आली.

त्याने तिला उचलूनच गाडीत बसवलं. इतकी हलकी, की बस पाच मिनिटं थांबली असती तर नुमाताने तिला एका हाताने चढवलं असतं. मागच्या आसनावर फडक्यांचा ढीग होता. सगळ्यात वर तिचंच नाव, मोठ्या काळ्या अक्षरांत.

आजीने ते उचललं. "हे तर माझं नाव."

तोगावाने गाडी सुरू केली.

"कोण झालं होतं मी?"

"नुमाता. करविभागातला."

"तो जाडा?" आजी खुदकन हसली. हसताना दात वाजत होते. "चढला का पटकन?"

"हो, पटकन चढला."

"मी आले नाही बघून ऐन वेळी उभा केलात होय त्याला? सांभाळून घेतलंत रे मला." तिने फडक्याची नीट चौपदरी घडी केली आणि मांडीवर ठेवली. "कुणाला सांगू नकोस हं, मी उशीर केला ते. मागच्या वर्षीही माझ्यामुळेच झालं होतं. लाज वाटते."

इथे मंडळी, तोगावाने बोलायला हवं होतं. घर येईपर्यंत चार वळणं होती, एकेका वळणावर एकेक वाक्य पुरलं असतं. तो म्हणाला, "हं." एवढंच. घरी त्याने रॉकेलचा स्टोव्ह पेटवून दिला, गरम पाण्याची पिशवी भरून दिली. आजीने गाठोडं सोडलं. त्यात आंबवलेल्या मुळ्याबरोबर नऊ भाताचे गोळे होते, बसमधल्यांसाठी केलेले. दोन त्याच्या हातात कोंबले. "पहाटे उठून केलेत, टाकू नकोस." गाडीत बसून त्याने ते खाल्ले. गार, कडक झाले होते. तरी शेवटच्या शितापर्यंत खाल्ले.

रात्री त्याने बायकोलाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला आढावा बैठक. लांब टेबल, हिरवा चहा, गावप्रमुख, निरीक्षक, अग्निदलाचा म्होरक्या ओगासावारा, आणि शेवटच्या खुर्चीत नुमाता. तोगावाने अहवाल वाचला. दोनशे बारापैकी दोनशे बारा. आकडा वाचताना आवाज जरा घसरला, इतकंच.

"उत्तम," गावप्रमुख म्हणाले. "कुणाला काही भर घालायची?"

ओगासावारा डोकं खाजवत म्हणाला, "छोटीशीच गोष्ट आहे. वरच्या वाडीची इसो आजी म्हणे थांब्यावर बसून राहिली. आज सकाळी तीच दुकानात सगळ्यांची माफी मागत होती. मी उशीर केला, माझी बस चुकली, कचेरीच्या लोकांना ताप दिला, असं."

"अरे बापरे," कुणीतरी हसलं. "बसमध्ये एक इसो, थांब्यावर एक इसो! नुमाता, तुझी जुळी बहीण!"

नुमाता हसला नाही. तो टेबलाकडे बघत होता.

"ठीक, मग तशी सूचना घालू," गावप्रमुख लेखनिकाला म्हणाले. "लिहा. काही वृद्ध रहिवासी वेळ पाळत नाहीत, पुढील वर्षी त्यांना आधीच ताकीद द्यावी. त्या आजीचं नावही टाका, म्हणजे कचेरीतून कुणीतरी जाऊन समजावेल."

लेखनिकाची लेखणी कागदाला टेकली. तोगावाच्या डोळ्यांपुढे ती उभी राहिली, काल कुणाला सांगू नकोस म्हणालेली, पण राहवलं नाही म्हणून दुकानात हातगाडीच्या दांड्याला धरून एकेका गिऱ्हाइकापुढे वाकणारी. त्याच्या मौनाची किंमत ती गावभर स्वतःच्या तोंडाने फेडत होती.

तो उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"लिहू नका."

"काय झालं, तोगावासान?"

"आजींना उशीर झाला नाही. बस गेलीच नव्हती वर. मी पाठवली नाही. गेल्या वर्षी अकरा मिनिटं लागली म्हणून मी त्यांना मानीव केलं आणि त्यांना कळवलं नाही. त्या चार तास गारठ्यात बसल्या." त्याने अहवाल टेबलावर ठेवला. "काल गाडीत त्या म्हणाल्या, चूक माझी. मी ऐकून घेतलं. नाही म्हटलं नाही."

निरीक्षकाने चष्मा काढून पुसला. गावप्रमुख हळू आवाजात म्हणाले, "बसा तोगावासान. हे आपण आतल्या आत बघू."

"दोनशे अकरा लिहा," तोगावा म्हणाला. "एकीला सोडून आलो, असं लिहा. खाली माझं नाव घाला."

"प्रांताकडे जाणारा कागद आहे हा."

"म्हणूनच."

तेव्हा नुमाता उठून त्याच्या शेजारी उभा राहिला. कमरेपासून वाकला. गावप्रमुखांनी चहाचा पेला बाजूला सरकवला आणि लेखनिकाला नुसती मान हलवली. दोनशे अकरा लिहिलं गेलं.

तुम्हाला वाटेल, झालं, माणूस मोकळा झाला. मोकळा कसला! खरं अजून तिच्यापुढे बोलायचं होतं. तोगावा तसाच वरच्या वाडीला गेला. आजीने दार उघडलं. अंगावर दोन रजया, आवाज बसलेला. तो उंबऱ्याच्या बाहेरच, ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसला आणि त्याने सगळं सांगितलं, काही न वगळता.

आजीने त्याच्या डोक्याकडे बघितलं.

"म्हणजे मी परत गेले नसते, तरी बस आली नसती?"

"नाही आजी."

"आणि ते फडकं? आदल्या दिवशीच लिहिलेलं?"

"आठवडाभर आधी."

"काल मी तुला विचारलं होतं, तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"मी सगळ्या दुकानाची माफी मागून आले रे," ती म्हणाली. खोकला आला, तो तिने दाबला. "तुझ्या लहानपणी, तुझी आई माशांच्या कारखान्यात जायची तेव्हा, तुला पाठीशी बांधून मी जाळी विणली आहेत. चालताना कधी तुझं ओझं वाटलं नाही मला."

तोगावाने कपाळ फरशीला टेकवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"जा आता," आजी म्हणाली. "मला जरा पडू दे."

आत ये म्हणाली नाही. चहा विचारला नाही. आमच्या गावात टपालवाल्यालाही विचारतात. दार तिने आवाज न करता लावून घेतलं. तोगावा तिथेच बसून राहिला, गुडघे भिजेपर्यंत. त्यानंतर दुकानात जाऊन, प्रत्येकाला थांबवून, आजीची चूक नव्हती, माझी होती, असं सांगण्याचं काम उरलं होतं. ते त्याने संध्याकाळपर्यंत केलं. काहींनी नजर चुकवली, काहींनी त्याला बघून वाट बदलली. त्याने कुणालाही बोल लावला नाही.

माझी गोष्ट इथे थांबते. माफी मिळाली की नाही, ते त्या दोघांचं त्यांना ठाऊक. तुमच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. कुठे माणसांची मोजणी पुरी भरली आणि लोक टाळ्या वाजवू लागले, की आपली टाळी वाजवण्याआधी क्षणभर हामानोसावाच्या इसो आजीची आठवण काढा.