तळाला बसलेलं हिरवं

टोंकानं उंच काचेच्या टाकीला हात लावला आणि ती वाकून पाहू लागली. आदल्या दिवशी गर्द हिरवं असलेलं पाणी फिकट पडलं होतं. शेवाळाचे गोळे होऊन तळाला बसले होते. शेजारच्या टाकीत कालवांची पिल्लं होती, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. ती फक्त हेच शेवाळ खातात. पेल्येशात्स द्वीपकल्पाच्या आमच्या किनाऱ्यावर त्या वर्षी समुद्रातल्या दोरांना पिल्लं चिकटलीच नव्हती. सगळ्यांची भिस्त टोंकाच्या टाकीवर होती.

तिनं एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. शेवाळाचे कण पांढऱ्या कपच्यांना चिकटले होते. तिनं खिडकीबाहेर पाहिलं. दक्षिणवारा सुटला होता आणि टाक्यांसाठी समुद्राचं पाणी खेचणाऱ्या नळाच्या तोंडाशीच सासऱ्यांचे थर्माकोलचे तरंगे एकमेकांवर घासत होते.

सासरे, व्लाहो, धक्क्यावर दोर गुंडाळत होते.

"बाबा, तरंगे हलवा. आत्ता!"

"ह्या वाऱ्यात? डोकं फिरलंय का? सणाला विकायची कालवं लटकतायत त्यांना."

"त्यांचा भुगा नळातून आत येतोय. गाळणीतूनही निसटतो. शेवाळ त्याला चिकटून बुडतंय."

"जन्मभर हेच तरंगे वापरले मी. एक कालव मेलं नाही."

"मोठी नाही मरत. पिल्लं उपाशी मरतायत. मग पुढच्या वर्षी दोराला काय बांधाल, माझं डोकं?"

व्लाहोंनी तिच्याकडे रोखून पाहिलं आणि रबरी बूट चढवले. "चल. मी बुडालो तर सासूला तोंड तू दाखव."

होडीला दोर बांधून ते दोघं तरंग्यांची माळ ओढू लागले, तोच ती खडकात अडकली. होडी कलली, पाणी आत आलं.

"दोर सोडा, बाबा! उलटेल!"

व्लाहोंनी सुरी काढली, क्षणभर थांबले, आणि माळेचा दोर मधोमध कापला. अर्धी माळ, कालवांसकट, वाऱ्यानं खडकांवर नेऊन आपटली. उरलेली त्यांनी खाडीच्या टोकापलीकडे नेली.

टोंकानं नळ धुतला, खाडीच्या मधलं खोल पाणी होडीनं आणलं आणि कपाटातल्या जपून ठेवलेल्या बाटलीतून नवं शेवाळ सोडलं. ते हिरवं व्हायला वेळ लागला. तोवर बरीच पिल्लं गेली. उरलेली टाकीतल्या रिकाम्या शिंपल्यांना चिकटून वाढू लागली.

व्लाहो एकदा सूक्ष्मदर्शकात वाकून पाहत राहिले.

"हा पांढरा भुगा माझाच?"

"तुमचाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उरलेले तरंगे एकेक करून किनाऱ्यावर ओढत होते. मदतीला गेलेल्या टोंकाला त्यांनी तरंग्यांवर टाकायच्या ताडपत्रीचं एक टोक दिलं. "घट्ट धर," ते म्हणाले, "वारा लागला तर परत सगळं पाण्यात."