पाठमोरी बाई

पुराला अडवायला नदीकाठी उंच भिंत बांधली, आणि त्या दिवसापासून नदी कुणाला दिसेनाशी झाली. मग नदीचा गौरव करावा असं सुशोभीकरण समितीच्या मनानं घेतलं. भिंतीवर नदी रंगवायचं काम पेंटरकडे आलं. काठावर माणसं हवीत आणि सगळी आनंदी हवीत, एवढीच अट होती.

पेंटरनं मुकाट्यानं आनंदी माणसं काढली. खांदा भरून आला की जरा टेकायचा, मग आणखी आनंदी माणसं काढायचा. एका टोकाला मात्र, कुणाला न विचारता, त्यानं पायरीवर पाण्यात पाय सोडून बसलेली एक पाठमोरी बाई काढली. सैल अंबाडा, चपला शेजारी. ती त्याची बायको. "आईला बसव कुठेतरी," एवढंच मुलगी म्हणाली होती. बायको गेल्यापासून तिचा चेहरा काढायला त्याचा हात धजत नव्हता. पाठ तेवढी जमली.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी समिती पाहणीला आली. रंगवलेल्या गर्दीत स्वतःचा मेहुणा सापडल्यामुळे अध्यक्ष खुशीत होते. तेवढ्यात सचिवांना बाई दिसली. नागरिकांकडे पाठ करून बसणं बरं दिसत नाही, असं ते म्हणाले. तोंड इकडे करा, नाहीतर पुसून टाका.

"ती नदीकडे बघतेय, साहेब."

"नदी आम्हालाही माहीत आहे हो. पण उद्या पाहुणे येणार, ते काय हिचा अंबाडा बघणार?"

पेंटरनं ब्रश डब्यात बुडवला. तेवढ्यात ड्रिलवाल्यानं विचारलं, उद्घाटनाचा फलक ठोकायचा कुठे? भिंतभर आनंद पसरला होता. फलकाला जागा ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं.

"हिच्यासमोर ठोका," पेंटर म्हणाला. "म्हणजे बाई अध्यक्षसाहेबांचं नाव वाचत बसलीय असं दिसेल."

अध्यक्ष चार पावलं मागे गेले, मान तिरकी करून त्यांनी पाहिलं. बाई एकदम सुसंस्कृत वाटू लागली, असं त्यांचं मत पडलं. फलकाखाली बाईसमोरचं सगळं पाणी गेलं आणि पेंटरची सहीही गेली.

घरी मुलीनं विचारलं, "आई राहिली?"

"राहिली. पण नदी नाही तिच्यापुढे. अध्यक्षांचं नाव आहे."



"चष्मा काढलायस का तिला?"

"पाठमोरीला चष्मा कसला काढणार?"

"मग असू दे, बाबा. जवळचं तिला चष्म्याशिवाय कुठे दिसायचं."