काचेच्या वाटीतला आडवा छेद

ब्लेडचा अर्धा तुकडा, कागदात गुंडाळलेला, कागदावर तिच्याच हातचं 'वापरलेलं'... रश्मीने तो खणात ठेवला, पुन्हा बाहेर काढला. उद्यापासून कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्लेड नाही, अशी सूचना प्राचार्यांच्या सहीने सकाळीच आली होती; मुलांनी वनस्पतींचे छेद कापायचे नाहीत, हैदराबादहून आलेल्या तयार काचा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. मुलांची बोटं वाचतील हे खरंच, तरी तिला राग आला — आणि रागाच्या पाठोपाठ ती जुनी बोच.

आडवा छेद हल्ली सगळेच काढतात म्हणा. नवरा रविकांत कचेरीत बसून रस्त्याचा काढतो, वर्तमानपत्रवाले समाजाचा काढतात, निवडणुकीआधी आलेली ती सर्व्हेवाली पोरगी तर दारात उभ्या उभ्या अख्ख्या आदिलाबादचाच काढून गेली — मराठी एक घर, तेलुगू एक, उर्दू एक, झालं! यांतल्या कुणाचं बोट कधी कापलं असेल तर शपथ. छेद म्हणजे देठ चिमटीत धरून, ओल्या ब्लेडने, श्वास रोखून, एकाच ओढीत... कांदा चिरल्यासारखं मागेपुढे केलं की गेलंच सगळं. हे तिला बाबांनी शिकवलं होतं.

बाबा — दौलत — याच कॉलेजात अटेंडर होते. तलमडुगूच्या पऱ्हाटीत, कापसाच्या शेतात, मजुरी करून आलेला माणूस, पांढऱ्या सदऱ्यात, प्रयोगशाळेच्या दाराशी... कोवळा देठ ब्लेडखाली दबू नये म्हणून तो कशात तरी धरावा लागतो, त्यासाठी कॉलेज बटाटे आणायचं. बाबा त्या बटाट्यांना हसायचे आणि खिशातून ज्वारीच्या धांड्याचा सोललेला गाभा काढायचे — पांढरा, हलका, ज्याच्या ती लहानपणी बैलगाड्या करायची तोच. गाभ्याला चीर द्यायची, देठ त्यात बसवायचा, दोन्ही मिळून कापायचं. मास्तर लोकसुद्धा गुपचूप मागून न्यायचे, आणि तेव्हा तिला बाबांचा काय अभिमान वाटायचा!

आणि मग इंटरची ती प्रॅक्टिकल, एकतीस वर्षांपूर्वीची. सूर्यफुलाचा देठ, तिचा थरथरणारा हात, वाटीतल्या पाण्यात सात-आठ जाडेभरडे छेद, आणि डोळ्यांत पाणी... बाबा रंगाची बाटली घेऊन रांगेतून आले, तिच्या टेबलाशी वाकले, आणि त्यांच्या हातातला, छेद उचलायचा कुंचला क्षणभर तिच्या वाटीत बुडाला. एवढंच. तिने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग निर्धास्तपणे, नुसतं दाखवण्यापुरते, आणखी दोन-तीन छेद कापले, आणि वाटीतला सगळ्यांत पातळ उचलून काचेवर ठेवला. परीक्षकांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. 'चाला बागुंदी,' फार छान, असं तेलुगूत म्हणाले आणि बाकीच्यांना बघायला बोलावलं. त्या दोन शब्दांवर ती बी.एस्सी.ला गेली, त्यांच्यावरच इथे शिकवायला लागली, आणि दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना हीच गोष्ट सांगत आली — कुंचला तेवढा वगळून.

तो छेद आपला की बाबांचा, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आधी लाज वाटली, मग ते राहूनच गेलं. पण आता बाबांचं विसरणं वाढत चाललं होतं, परवा नातीचं नाव त्यांना सापडेना... विचारायचं तर आजच, असं ठरवूनच ती संध्याकाळी घरी आली.

बाबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. ती चप्पल काढतानाच बोलली.

"बाबा, माह्या इंटरच्या प्रॅक्टिकलले तुमी वाटीत तुमचा छेद टाकला व्हता. आठवते?"

"म्या?" त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "म्या कायले टाकू? अटेंडरच्या पोरीले अटेंडरनंच पास केलं, म्हणले नसते लोक?"

"मंग कुंचला काऊन बुडवला?"

"कोरडाच व्हता तो, रिकामा. तू रडून राह्यली व्हती... म्हटलं, बापानं टाकला असं वाटलं तं हात थांबन तुहा." ते हसले. "थांबला ना वं माय?"

खरं तर तिला हलकं वाटायला हवं होतं — एकतीस वर्षं उराशी धरलेली चोरी चोरी नव्हतीच, ते दोन शब्द तिचेच होते. पण खरं कशावरून? नातीचं नाव विसरणाऱ्या माणसाला कुंचला ओला की कोरडा हे आठवतं? की समोर पोरगी कासावीस झालेली दिसली आणि बाबांनी आत्ताही तेच केलं, तिला धीर यावा म्हणून... त्यांना पुन्हा विचारावं, खोदून विचारावं, असं ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ती त्यांच्याशेजारी बसली, सुपातल्या शेंगा पुढ्यात ओढल्या. आणि इतकी वर्षं जो आपला नसेल या धास्तीने तिला पोखरलं होतं, तो छेद बाबांचाच निघावा, ते दोन शब्द त्यांच्याच हाताला मिळालेले असावेत, असं तिला पहिल्यांदाच, अगदी मनापासून वाटलं.