मेणातली वात

मी एक जुना सर्फबोर्ड आहे, मित्रांनो, आणि तोही अर्धाच. माझा शेपटाकडचा भाग समुद्राने नेला. त्याचं मला काडीचंही दुःख नाही, कारण ज्यासाठी मी मोडलो ते काम फत्ते झालं. तुम्ही म्हणाल, फळीला कसला आलाय सूड? तर बसा, सांगतो.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालच्या एका छोट्या कारखान्यात झाला. नाकाला फडकं बांधलेल्या कारागिराने फोमचा ठोकळा तासून मला आकार दिला, वर काचेचं कापड अंथरलं आणि त्यावर राळ ओतली. अधूनमधून तो माझ्या कडेवरून हात फिरवायचा आणि स्वतःशीच 'हं' म्हणायचा. मला विकत घेतलं ते पावाच्या भट्टीत काम करणाऱ्या एका मुलीने. पहाटे उठून पीठ मळायचं, दुपारी झोप काढायची आणि उन्हं कलली की मला डोक्यावर घेऊन किनारा गाठायचा, असा तिचा दिवस होता. पीठ मळून मळून तिच्या हातांत अशी ताकद आली होती की लाटेपुढे तिने चार हात मारले की मी सुसाट सुटायचो. ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं.

किनाऱ्यावर एका मावशीची शेड होती. बोर्ड ठेवायला फळ्या, अंग धुवायला नळ आणि बसायला दोन बाक, एवढाच पसारा. तिथे देशोदेशीची मंडळी जमायची. एकमेकांची नावं त्यांना धड उच्चारता येत नसत, म्हणून ज्याला त्याला देशावरून टोपणनाव मिळायचं. थंड देशातून आलेला तो बर्फ्या. घड्याळांच्या देशातला तो घड्याळ, जो आयुष्यात कधी वेळेवर आला नाही. दणकट खांद्यांचा, मोठ्या आवाजाचा तो कांगारू. माझ्या मालकिणीच्या देशाला समुद्रच नव्हता, त्यामुळे ती कोरडी. पहिल्याच दिवशी बर्फ्याने तिला विचारलं की तुमच्याकडे पोहायला बादलीत शिकवतात का. तिने सांगितलं, बादली निदान ओली तरी असते, तुमच्याकडे तर लोक गोठलेल्या समुद्रावरून चालत घरी जातात. त्यावर बर्फ्याच सगळ्यांत जास्त हसला, आणि तेव्हापासून ती त्यांच्यातली झाली.

या चेष्टेला मावशीने दोन नियम घालून दिले होते. चेष्टेचा ज्याला राग येईल, त्याने सगळ्यांच्या बोर्डांना मेण लावायचं. हे मेण म्हणजे आमच्या पाठीवरची पकड, ते नसेल तर पाय ठरत नाही. दुसरा नियम असा की वर्षाची लाटांवरची स्पर्धा जो जिंकेल, त्याला हवं तर कुणाही एकाचं नाव बदलता येईल, आणि मग ते नाव कायमचं. सगळी मौज त्या दुसऱ्या नियमात होती.

एका वर्षी स्पर्धेच्या सकाळी कोरडीने जाहीर केलं की आज मी जिंकले तर कांगारूचं नाव 'पिशवी' ठेवणार. अख्खी शेड खो खो हसली. कांगारू रोज सगळ्यांना टोमणे मारायचा, पण स्वतःवर आलं तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. मावशीने मुकाट्याने मेणाची वडी त्याच्या हातात ठेवली. झालं, तो चडफडत बोर्डांना मेण लावायला बसला.

कोरडीने मला आदल्या दिवशीच खरवडून लख्ख केलं होतं. माझी पाळी आली तशी त्या माणसाने इकडेतिकडे पाहिलं, वडी खिशात टाकली आणि दिवे गेले की लावायला ठेवलेली मेणबत्ती मावशीच्या फळीवरून उचलली. ती त्याने माझ्या पाठीवर घासघास घासली आणि वरून फडक्याने गुळगुळीत केली. आमचं मेण मऊ आणि चिकट, मेणबत्तीचं कडक आणि निसरडं, ओला पाय त्यावर ठरणंच शक्य नाही. घासताना वातीचा एक तुकडा तुटून माझ्या पाठीला चिकटला, तो त्याला दिसला नाही. मला ओरडता आलं असतं तर मी किनारा डोक्यावर घेतला असता.

व्हायचं तेच झालं. पहिल्याच मोठ्या लाटेवर कोरडी उभी राहिली आणि तिचा पाय सटकला. ती खडकाकडे फेकली गेली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. माझ्याही शेपटाजवळ एक बारीक भेग पडली. वेदनेने पांढरी पडलेली ती म्हणत होती, पाय ठरतच नव्हता. कांगारू सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कोरड्या देशातली माणसं ती, त्यांना पाणी घसरडं लागणारच." मंडळी हसली. वाईट मनाने नाही, सवयीने हसली. पण तिने तेव्हा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, ते मी विसरलेलो नाही. तिला घेऊन सगळे दवाखान्यात गेले, तेवढ्यात त्याने माझ्या पाठीवरच्या मेणबत्तीच्या थरावर वडीच्या मेणाचा जाड थर चढवून टाकला.

मोडक्या मनगटाने पीठ कोण मळणार? भट्टीतलं काम सुटलं आणि ती आपल्या देशाला परत गेली. मला मावशीकडे ठेवून गेली. थोड्याच दिवसांत कांगारूने साळसूदपणे सांगितलं की बोर्ड पडून राहण्यापेक्षा मीच वापरतो. माझ्या पोटावर कोरडीने काढलेली रिकामी बादली होती, तिच्यावर त्याने उड्या मारणारं कांगारू रंगवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याहून वाईट म्हणजे माझ्या जिवावर तो जिंकू लागला. फळीचा जन्म, लाट आली की पळायचं, पाठीवर कोण आहे ते बघायचं नाही. दर वर्षी लोक टाळ्या पिटायचे, बोर्ड काय झकास आहे म्हणायचे, आणि मी आतून जळायचो.

मी डूख धरला. पण फळीच्या हातात असतं काय? पाणी प्यायचं, बस्स. माझी ती भेग राळेने बुजवायचा कंटाळा म्हणून त्याने वर चिकटपट्टी मारली. पट्टीखालून मी पाणी पीत राहिलो. थेंब थेंब, खारट, सगळं आत मुरवलं. मी पिवळा पडलो, जड झालो, माझा कणा मऊ पडू लागला. तो म्हणायचा, बोर्ड जरा मंद झालाय, आणि खालचं न खरवडता मेणाचा आणखी एक थर थापायचा. आळशी माणूस. त्याच्या आळसावरच माझी सगळी भिस्त होती.

मग एका वर्षी स्पर्धेला कोरडी आली. मनगट थोडं वाकडं राहिलं होतं. मावशीने तिला जवळ घेतलं आणि आपला जुना बोर्ड दिला. शेवटच्या फेरीत ती आणि कांगारू असे दोघेच उरले. मोठी लाट आली, दोघांनी ती धरली, आणि मी मनाशी म्हटलं, आता. तो उभा राहिला, त्याने माझ्या शेपटावर जोर दिला, आणि तिथेच मी कटकन मोडलो. मित्रांनो, आयुष्यात एवढं सुख मला कधी झालं नव्हतं. त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. कोरडी शेवटपर्यंत उभी राहिली, थेट वाळूपर्यंत.

माझा हा अर्धा भाग वाहत किनाऱ्याला लागला. तिने मला ओळखलं. शेडमध्ये नेऊन मांडीवर घेतलं आणि सवयीने पाठ खरवडायला लागली. मेणाचे मऊ, मळके थर निघत गेले. तळाशी मात्र एक कडक, पांढरा थर लागला, आणि त्यातून दोऱ्याचा एक तुकडा वर आला. तिने तो चिमटीत धरला. तिच्या मागे बर्फ्या, घड्याळ, सगळे गोळा झाले.

"मेणात वात कुठून आली?" मावशीने विचारलं.

सगळ्यांनी कांगारूकडे पाहिलं. त्या दिवशी मेण कुणी लावलं होतं, ते काय कुणी विसरलं नव्हतं.

"चेष्टा केली होती," तो म्हणाला. "आपण करतोच की."

"चेष्टा तोंडावर करतात," कोरडी म्हणाली. "पायाखाली नाही."

मावशीने तिला आठवण करून दिली की ती जिंकली आहे आणि एक नाव बदलायचा हक्क तिचा आहे. हवं तर स्वतःचं बदल, असंही म्हणाली. कोरडी म्हणाली, माझं मला आवडतं. मग ती त्याच्याकडे वळली.

"तुझ्या देशाने माझं काही वाकडं केलेलं नाही. त्यामुळे त्याचं नाव मी तुझ्याकडून काढून घेते. आजपासून तू मेणबत्ती."

तो लालबुंद झाला. बाकावर मूठ आपटली. मावशीने मुकाट्याने मेणाची वडी त्याच्या हातात ठेवली.

तेव्हापासून मी शेडच्या भिंतीवर आहे. ती वात कोरडीने राळेने माझ्या छातीवर चिकटवली आहे. मेणबत्ती अजून येतो, कारण असा समुद्र सोडून जाणार कुठे? पण नाव ऐकलं की रोज चिडतो, आणि रोज सगळ्यांच्या बोर्डांना मेण लावत बसतो. परक्या देशातून कुणी नवीन आलं की नावं ऐकून हसतं आणि बरोबर ओळखतं, हा बर्फाचा, हा घड्याळांचा. मग हमखास विचारतं, "आणि हा मेणबत्ती कुठल्या देशाचा?"

तेव्हा मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आम्हाला वापरा, पण वेळच्या वेळी खरवडा, भेगा बुजवा, उन्हात टाकून जाऊ नका. आम्ही बोलत नाही म्हणून विसरतो असं समजू नका. आणि ज्याचं तुम्ही वाईट केलं असेल, त्याच्या वस्तूवर तर चुकूनही उभे राहू नका. राहिला त्या नव्या माणसाचा प्रश्न. सगळे नुसतं भिंतीवर माझ्याकडे बोट दाखवतात.